जागलीच्या कुत्र्याची बाजू

डिसेंबर उजाडला आणि नागपूरचा पारा दहा अंशांखाली उतरला की कुत्र्यांविषयी दोन सल्ले हमखास कानावर येतात. पहिला दयेचा: एवढ्या थंडीत कुत्र्याला रात्रभर वावरात ठेवणे ही क्रूरता आहे, त्याला घरात घ्या. दुसरा सावधगिरीचा: कुत्रा बिबट्याला घराकडे ओढून आणतो आणि जंगलातल्या प्राण्यांच्या जिवावर उठतो, तेव्हा जंगलाच्या कडेच्या गावांतून कुत्री काढूनच टाका. दोन्ही सल्ले देणारी माणसे प्रामाणिक आहेत. पण दोघांच्याही डोळ्यांसमोर शहरातला कुत्रा आहे, एकाच्या समोर सोफ्यावरचा आणि दुसऱ्याच्या समोर कचराकुंडीवरचा. उमरेड, भिवापूर, कुही, पारशिवनी, रामटेक, काटोल, नरखेड या तालुक्यांत हिवाळ्याची रात्र धुऱ्यावर काढणारा कुत्रा या चर्चेत कुठेच येत नाही. त्याला वगळून दिलेला सल्ला चुकतो, आणि त्या चुकीची झळ शेतकऱ्यापासून वाघापर्यंत सगळ्यांना लागते.

गेल्या काही वर्षांत कुत्र्यांवरची सगळी सार्वजनिक चर्चा शहराभोवतीच फिरली. ऑक्टोबर २०२२ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने, भटक्या कुत्र्यांना खाऊ घालणाऱ्यांनी ती दत्तक घ्यावीत, असे म्हटले. पुढच्याच महिन्यात सर्वोच्च न्यायालयाने त्याला स्थगिती दिली. ऑगस्ट २०२५ मध्ये दिल्लीतल्या कुत्र्यांविषयी सर्वोच्च न्यायालयाचे दोन आदेश थोड्या दिवसांच्या अंतराने आले आणि देशभर तोच वाद पुन्हा पेटला. चावे, रेबीज, वस्त्यांमधली भांडणे हे प्रश्न खरेच आहेत. मात्र मालक असलेला, कामाला लावलेला, गावाबाहेर झोपणारा कुत्रा हा वेगळा विषय आहे. त्याच्याविषयीचे निर्णय शहराच्या वादातून उचलून आणता येणार नाहीत.

विदर्भात हिवाळा म्हणजे जागलीचा, रात्र जागून पीक राखण्याचा, हंगाम. कापसाची वेचणी चालू असते, तूर शेंगांनी वाकलेली असते, हरभऱ्याला घाटे धरू लागतात, भिवापूरकडे मिरची लाल होत असते, काटोल-नरखेडच्या बागांत संत्रा असतो. नेमक्या याच दिवसांत रानडुकरे, रोही आणि चितळांचे कळप अंधार पडताच शिवारात उतरतात. डुकरांचा कळप एका रात्रीत हरभऱ्याचा तुकडा मुळासकट उकरून टाकतो. रोही जेवढे खातो त्याहून जास्त तुडवतो. त्यांच्या मागावर कधी बिबट येतो, कधी वाघ. नागपूरच्या उत्तरेला पेंच व्याघ्र प्रकल्प, दक्षिणेला २०१२ मध्ये घोषित झालेले उमरेड-पवनी-कऱ्हांडला अभयारण्य, पश्चिमेला २०१४ मध्ये व्याघ्र प्रकल्प झालेले बोर, अशी ही जंगलांची साखळी आहे आणि तिच्या मधल्या शिवारांत माणसे शेती करतात. २०२२ च्या गणनेत महाराष्ट्रात ४४४ वाघ मोजले गेले. त्यातले काही वाघ एका जंगलातून दुसऱ्या जंगलात जातात ते याच वावरांमधून.

त्यात विजेचे गणित. कृषिपंपांना तीन-फेज वीज पाळीने मिळते. रात्रपाळी आली की हरभऱ्या-गव्हाचे ओलित रात्रीच करावे लागते. म्हणजे पीक राखायला एक फेरी आणि पाणी द्यायला दुसरी. हातात बॅटरी, डोक्याला मफलर, पायांखाली चिखल आणि पुढे चार पावलांवर कुत्रा.

हा कुत्रा रात्रभर काय करतो ते जवळून पाहिले पाहिजे. झोपडीसमोर गेल्या सालच्या पऱ्हाट्यांची शेकोटी पेटते, तेव्हा तो तिच्यापासून थोडा दूरच बसतो, कारण उजेडात त्याला अंधारातले दिसत नाही. मध्यरात्रीनंतर शेकोटी विझत आली की कोमट राखेला लागून तो अंग मुडपतो, नाक शेपटीखाली घेतो. झोप अशी त्याला नसतेच. माणसाला वीस हजार हर्ट्झपर्यंतचा आवाज ऐकू येतो, कुत्र्याला त्याच्या दुप्पट वारंवारतेच्याही पुढचा. तुरीच्या ओळींत काही सरकले की आधी त्याचे कान फिरतात, मग मान उठते. रानडुकरे असतील तर तो पुढे धावत, सलग आणि चढ्या आवाजात भुंकतो. रोह्यावर भुंकताना तो धुऱ्यापर्यंत जाऊन परत येतो. बिबट असेल तर भुंकणे तुटक होते, पाठीवरचे केस उभे राहतात, शेपूट खाली जाते आणि तो मागे सरकत सरकत माणसाच्या पायांशी येतो. वर्षानुवर्षे जागलीला जाणारी माणसे या आवाजांवरून झोपडीतून उतरायचे की नाही ते ठरवतात. ओलितासाठी अंधारात निघालेल्या माणसाला हा इशारा मिळणे किंवा न मिळणे यावर त्याचा जीव अवलंबून असतो.

आता पहिला आक्षेप, थंडीचा. नागपूरची थंडी कमी लेखण्याचे कारण नाही. २९ डिसेंबर २०१८ रोजी इथे ३.५ अंश सेल्सिअसची नोंद झाली आणि जानेवारी १९३७ मधला ३.९ अंशांचा जुना विक्रम मोडला. पण या टोकाच्या रात्री आहेत. डिसेंबर-जानेवारीत इथले सरासरी किमान तापमान १२ ते १३ अंशांच्या आसपास असते. गावठी कुत्रा याच हवेत पिढ्यान् पिढ्या वाढला आहे. त्याच्या शरीराचे तापमान ३८ ते ३९ अंश असते, आणि पोट भरलेले, अंग कोरडे, बसायची जागा वाऱ्याच्या आड असेल तर दहा अंशांची रात्र धडधाकट कुत्रा सहज काढतो. याच नागपुरात मे २०१३ मध्ये पारा ४७.९ अंशांवर गेला होता. बर्फाळ प्रदेशातली दाट केसांची कुत्री हौसेने आणून अशा उन्हाळ्यात ठेवणे हा त्या जनावरावरचा कितीतरी मोठा जुलूम आहे, आणि तो घराच्या चार भिंतींच्या आत होतो. कुत्रा आत आहे की बाहेर, एवढ्यावरून क्रूरता ठरत नसते.

ती ठरते तीन गोष्टींवरून: ओल, भूक आणि साखळी. ओल्या केसांत ऊब धरून ठेवणारी हवा राहत नाही. स्प्रिंकलरखाली भिजलेला कुत्रा बारा अंशांतही थरथर कापतो. रिकाम्या पोटी शरीर ऊब निर्माण करू शकत नाही. आणि हातभर साखळीने खुंट्याला बांधलेला कुत्रा वाऱ्याच्या आड जाऊ शकत नाही, हालचाल करून अंग गरम करू शकत नाही, बिबट आला तर पळूही शकत नाही. प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायदा १९६० सालचा आहे. त्याच्या कलम ११ मध्ये हेच गुन्हे सांगितले आहेत: पुरेसे अन्न, पाणी, निवारा न देणे, अवाजवी आखूड किंवा जड साखळीने जनावर बांधून ठेवणे, कायम बांधलेल्या कुत्र्याला फिरू न देणे. कुत्रा रात्री बाहेर राहतो म्हणून तो कायदा मालकाला दोषी धरत नाही. दयेचा आग्रह धरणाऱ्यांनी बोट ठेवायचे असेल तर ते या कलमावर ठेवावे, तिथे त्यांची बाजू भक्कम आहे.

थंडीत खरा बळी जातो तो पिल्लांचा. आपल्याकडची मोकळी कुत्री मुख्यतः हिवाळ्याच्या सुमारास वितात. कोलकात्याच्या आयसर संस्थेच्या संशोधकांनी ३६४ पिल्लांचा माग ठेवला, तेव्हा त्यांतली जेमतेम १९ टक्के वयात येईपर्यंत जगली, आणि ६३ टक्के मृत्यूंत माणसाचा या ना त्या प्रकारे हात होता. नको असलेली पिल्ले पोत्यात भरून दुसऱ्या गावाच्या वेशीवर सोडणे ही रीत विदर्भातही आहे. थंडीच्या नावाने कळवळणाऱ्यांनी प्रौढ, धडधाकट राखणदाराला घरात ओढण्याऐवजी गावातल्या माद्यांच्या नसबंदीचा आग्रह धरला, तर कुडकुडत मरणारी पिल्ले कितीतरी कमी होतील.

या दयेत आणखी एक मोठी त्रुटी आहे. कुत्र्याची थंडी दिसते, त्याच्या शेजारी गोधडी गुंडाळून माळ्यावर बसलेल्या माणसाची दिसत नाही. दोघांची रात्र एकच आहे आणि दोघांना बाहेर काढणारे कारणही एकच आहे. शेतीला दिवसा वीज देण्यासाठी राज्याने २०१७ मध्ये मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजना आणली. ती जिथे नीट पोहोचेल तिथे ओलित दिवसा होईल, रात्रीच्या फेऱ्या निम्म्या होतील आणि कुत्र्याचे भिजणेही थांबेल. कुत्र्याला थंडीपासून वाचवायचे असेल तर जंगलाकडेच्या गावांना दिवसा वीज मागणे हा सगळ्यांत परिणामकारक उपाय आहे. तो मागणाऱ्या आवाजांत प्राणिप्रेमींचा आवाज मिसळला तर मागणीला वजन येईल.

दुसरा आक्षेप बिबट्याचा. तो मांडणाऱ्यांकडे पुरावा आहे आणि तो नाकारण्यात अर्थ नाही. डॉ. विद्या अत्रेय आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अकोले तालुक्यातल्या बिबट्यांच्या विष्ठेचा अभ्यास केला. २०१४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्या निबंधानुसार तिथल्या बिबट्यांच्या आहारात, वजनाच्या हिशोबाने, ८७ टक्के वाटा पाळीव किंवा माणसांच्या आसऱ्याने राहणाऱ्या प्राण्यांचा होता, आणि त्यात एकट्या कुत्र्यांचा ३९ टक्के. मुंबईच्या संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाभोवतीचे सुमारे ३५ बिबटे वर्षाला दीड हजारांच्या आसपास कुत्री खातात, असा अंदाज २०१८ च्या एका अभ्यासात मांडला गेला. बिबट्याला कुत्रा आवडतो यात वाद नाही.

वाद आहे तो यावरून काढलेल्या निष्कर्षाबद्दल. अकोले तालुक्यातल्या त्याच अभ्यासात आणखी एक आकडा आहे. तिथे शेळ्या कुत्र्यांच्या सातपट होत्या, तरी बिबट्याच्या आहारात त्यांचा वाटा ११ टक्केच होता. कारण उघड आहे. शेळी रात्री दाराआड असते, तिच्यावर माणसाची नजर असते. कुत्रा उघड्यावर असतो, एकटा असतो. बंदिस्त निवारा आणि माणसाचा शेजार शेळीला वाचवतो, तर तोच उपाय कुत्र्यालाही वाचवेल. या अभ्यासातून कुत्रा काढून टाकण्याचा सल्ला निघत नाही, कुत्र्याला शेळीइतके जपण्याचा निघतो. शिवाय कुत्री नाहीशी केली म्हणून ऊस-झुडपांत जन्मलेला आणि तिथेच वाढलेला बिबट उठून जंगलात जाईल, याला कोणताही आधार नाही. तो तिथेच राहील, भुकेला असेल आणि त्याच्या येण्याची वर्दी देणारे कोणी नसेल.

बिबट्याला गावाशी बांधून ठेवणारी कुत्री कोणती, हेही पाहायला हवे. नागपूर-जबलपूर महामार्गावर मनसर-देवलापारच्या पट्ट्यात ढाब्यांचे उष्टे, गावाबाहेर फेकलेले मटणाच्या दुकानांतले टाकाऊ मांस, उघडे उकिरडे यांवर कुत्र्यांच्या टोळ्या पोसल्या जातात. त्यांना मालक नाही, लस नाही, नसबंदी नाही. हा बिबट्याचा खरा भरवशाचा घास. त्यावर इलाज म्हणजे कचरा आणि मांसाची विल्हेवाट, आणि ते काम ग्रामपंचायतीचे आहे. ते न करता शेतकऱ्याच्या दारातला कुत्रा उचलणे म्हणजे चोर सोडून संन्याशाला फाशी देणे होय.

आता जागलीच्या कुत्र्याला बिबट्यापासून वाचवायचे कसे? हिमालयात भोटिया कुत्र्यांच्या गळ्यात लोखंडी काट्यांचा पट्टा असतो, कारण बिबट पहिला घाव मानेवर घालतो. असा पट्टा नागपूर जिल्ह्यातला कोणताही लोहार घडवू शकतो. आतून चामडे किंवा जाड कापड लावले की मान सोलत नाही. बिबट्याचा वावर असलेल्या शिवारात कुत्र्यासाठी झोपडीला लागून जाळीचा, वरून झाकलेला खण करावा. रात्री माणूस झोपडीत असेल तेव्हा कुत्रा त्या खणात राहू शकतो. त्याचे मुख्य काम आवाज देण्याचे आहे आणि भुंकणे जाळीतूनही तेवढेच ऐकू येते. रानडुकराशी झुंजणे हे त्याचे काम कधीच नव्हते. सुळ्याने पोट फाटलेली कुत्री ही अशा झुंजीत ढकलल्याचा परिणाम असते.

तिसरा आक्षेप सगळ्यांत वजनदार आहे: कुत्रा वन्यजीवांचे नुकसान करतो. चंद्रिमा होम, यशवीर भटनागर आणि अबी तमीम वनक यांनी २०१८ मध्ये प्रसिद्ध केलेल्या पाहणीत, भारतात कुत्र्यांनी ८० जातींच्या वन्यप्राण्यांवर हल्ले केल्याचे आणि त्यांतल्या ३१ जाती संकटग्रस्त यादीतल्या असल्याचे दिसले. सोलापूरजवळच्या नान्नज परिसरात अनिरुद्ध बेलसरे आणि सहकाऱ्यांनी गावकुत्री आणि खोकड यांच्या रक्ताचे नमुने तपासले, तेव्हा डिस्टेंपर आणि पार्व्होसारख्या विषाणूंचा संसर्ग कुत्र्यांमध्ये सर्रास पसरलेला आढळला. २०१८ च्या सप्टेंबर-ऑक्टोबरात गीरमध्ये वीसहून अधिक सिंह दगावले आणि त्यांतल्या काहींमध्ये डिस्टेंपरचा विषाणू सापडला. पेंच, बोर किंवा कऱ्हांडल्यात असा आजार वाघांत शिरला तर काय होईल, हा प्रश्न कोणाचीही झोप उडवणारा आहे.

हे सगळे मान्य करूनही 'कुत्री काढा' हा उपाय टिकत नाही. मारणे बेकायदेशीर आहे. २०२३ च्या प्राणी जन्म नियंत्रण नियमांनुसार भटकी कुत्रीसुद्धा नसबंदी आणि लसीकरण करून जिथली तिथे सोडायची असतात. आणि शेतकऱ्याचा कुत्रा उचलून नेला तरी त्याची गरज संपत नाही. डुकरे उद्याही येणार, म्हणून तो आठवड्याभरात दुसरे पिल्लू आणणार. गेलेला कुत्रा दोन-चार साथींतून तावूनसुलाखून निघालेला असतो. नवे पिल्लू कोणत्याही प्रतिकारशक्तीशिवाय येते आणि विषाणूला नवे घर मिळते. रोगाच्या दृष्टीने पाहिले तर लस टोचलेला, मोठा, एका जागी राहणारा कुत्रा हा वाघासाठी सगळ्यांत सुरक्षित शेजारी आहे. हल्ल्यांचेही तसेच. ससा, चितळाचे पाडस, खोकड यांच्यामागे धावतात ती मुख्यतः उपाशी आणि मोकाट टोळकी. पोटभर खाल्लेला, मालकाच्या हाकेत असलेला, दिवसा कोठ्यात झोपलेला कुत्रा सहसा जंगलात फिरायला जात नाही.

मग कुत्रा नसलेला शेतकरी पीक कसे राखतो, हे वन्यजीवांच्या बाजूने बोलणाऱ्यांनी निरखून पाहावे. फटाक्यांची आणि ध्वनिफितींची सवय रानडुकरांना फार लवकर होते. सौर कुंपण, म्हणजे ज्याला गावात झटका मशीन म्हणतात ते, उत्तम आहे. त्याचा झटका क्षणभराचा असतो, जीव घेत नाही. पण तारेखालचे गवत कापत राहावे लागते, बॅटरी जपावी लागते, आणि खालून उकरून शिरणाऱ्या डुकराला ते नेहमी थोपवत नाही. हे सगळे थकले की काही हात सरळ वीजवाहिनीवर आकडा टाकतात आणि जिवंत प्रवाह कुंपणात सोडतात. कऱ्हांडल्याच्या प्रसिद्ध 'जय' वाघाचा बछडा श्रीनिवास एप्रिल २०१७ मध्ये नागभीडच्या शिवारात अशाच तारेने मेला. त्याच वर्षी ऑक्टोबरात, ब्रह्मपुरीहून पकडून बोरच्या जंगलात सोडलेली, गळ्यात रेडिओ कॉलर असलेली वाघीण शेतातल्या विद्युत तारेला चिकटून गेली. अशा तारेवर माणसेही मरतात, बैलही आणि कुत्रीही. डुकरांसाठी पेरलेले स्फोटक गोळे चावून गाईंचे जबडे फाटतात. या जीवघेण्या साधनांच्या शेजारी कुत्रा हे असे साधन आहे की जे आवाज करून थांबते.

हाच या लेखाचा मुख्य मुद्दा आहे. जागलीचा कुत्रा वन्यजीव रक्षणाच्या आड येत नाही. तो असला की शेतकरी तारेत करंट सोडण्यापासून परावृत्त होण्याची शक्यता वाढते. जगात हे ओळखून काम झाले आहे. नामिबियात चित्ता संवर्धन निधी या संस्थेने १९९४ पासून पशुपालकांना राखणदार कुत्री द्यायला सुरुवात केली, कारण ज्याच्या शेळ्या सुरक्षित राहतात तो चित्त्यावर बंदूक रोखत नाही. बोट्सवानात तर परदेशी जातींऐवजी तिथली गावठी कुत्रीच हे काम चांगले आणि कमी खर्चात करतात असे दिसून आले. तिथे राखण जनावरांची आहे, इथे पिकांची आणि माणसांची, हा फरक लक्षात ठेवूनही एक गोष्ट घेण्यासारखी आहे: तिथे कुत्र्याची निवड, आहार, लस आणि प्रशिक्षण यांवर संवर्धनाचा पैसा खर्च होतो. आपल्याकडे त्याच कामाला कोणाच्याही अंदाजपत्रकात एक ओळ नाही असेच चित्र गावात दिसते.

शेतकऱ्यालाही काही गोष्टी स्पष्ट सांगितल्या पाहिजेत, कारण त्याच्या बाजूने बोलायचे तर त्याच्या चुकांवर पांघरूण घालून चालणार नाही. रात्रभर राबणाऱ्या कुत्र्याला शिळी भाकर आणि पाण्यासारखे वरण पुरत नाही. थंडीत त्याला नेहमीपेक्षा जास्त खाणे लागते आणि त्यात अंडी, सुकट किंवा मांस असावे लागते. बसायला गोणपाट टाकण्यापेक्षा सोयाबीनचे कोरडे कुटार जाड थराने टाकावे. गोणपाट दव पिऊन ओलेच राहते, कुटारात कुत्रा खळगा करून बसतो आणि जमिनीची थंडी अंगाला लागत नाही. ते दर आठवड्याला बदलावे, नाहीतर गोचिडे होतात. रेबीजची लस दर वर्षी टोचलीच पाहिजे, ती आधी घरातल्या लेकरांसाठी आणि मग कुत्र्यासाठी. मादी असेल तर नसबंदी करून घ्यावी. आणि कुत्री घेऊन सशा-डुकरांच्या शिकारीला जाण्याची सवय सोडावी. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानुसार तो गुन्हा आहे, आणि कुत्र्याला एकदा पाठलाग करून मारण्याची चटक लागली की तो राखणदार राहत नाही. ज्या मालकाला हे करायचे नाही त्याला कुत्रा ठेवण्याचा अधिकार सांगता येणार नाही.

करायला लागणारी यंत्रणा नागपुरात हात जोडून उभी आहे, फक्त तिला एकत्र आणायचे आहे. महाराष्ट्र पशु व मत्स्यविज्ञान विद्यापीठाचे मुख्यालय इथे आहे, १९५८ पासूनचे पशुवैद्यकीय महाविद्यालय इथे आहे, गोरेवाड्याचे वन्यजीव संशोधन केंद्र इथे आहे. जंगलाकडेच्या गावांसाठी राज्याची डॉ. श्यामाप्रसाद मुखर्जी जन-वन विकास योजना २०१५ पासून आहे आणि तिच्यातून सौर कुंपणाला अनुदान मिळते. त्याच योजनेत डिस्टेंपर-पार्व्हो-रेबीजच्या लसी, नसबंदी, काट्यांचा पट्टा आणि जाळीचा खण हे चार खर्च घालावेत. पशुवैद्यकीयच्या विद्यार्थ्यांनी पेंच, बोर आणि कऱ्हांडल्याभोवतीच्या गावांत जाऊन मालक असलेल्या कुत्र्यांची नोंद करावी, म्हणजे राखणदार कोणता आणि मोकाट कोणता हे पहिल्यांदा कागदावर येईल. बिबट्याने मारलेल्या गाई-बैलांची, शेळ्या-मेंढ्यांची भरपाई सरकार देते. नोंद असलेल्या, लसीकरण झालेल्या जागलीच्या कुत्र्यालाही त्या नियमांत नावानिशी जागा मिळावी. भरपाईला लसीची अट घातली तर लसीकरणासाठी कोणाला आग्रह करावा लागणार नाही.

या कामाला वेळेचे बंधन मात्र आहे. लस टोचल्यावर प्रतिकारशक्ती यायला काही आठवडे लागतात आणि पिल्लांना दुसरी मात्रा द्यावी लागते. म्हणून गावोगावची शिबिरे सोयाबीनची सोंगणी आणि दिवाळी यांच्या आसपासच व्हायला हवीत, तेव्हा शेतकरी गावात सापडतो आणि कुत्राही. उमरेड आणि भिवापूर तालुक्यांतल्या अभयारण्यालगतच्या गावांपासून सुरुवात करावी, एका हिवाळ्यात किती कुत्री बिबट्याने नेली, किती पीक वाचले आणि किती ठिकाणी तारेतला प्रवाह बंद झाला याची नोंद ठेवावी, आणि पुढच्या वर्षी पारशिवनी-रामटेकला जाताना ती नोंद सोबत न्यावी.